घड्याळावरून उतरलेला घोडा : एका अमेरिकन छंदाचा इतिहास (दीर्घ धागा)

१/
इ.स. १९५०. शिकागो येथील ब्रेयर मोल्डिंग कंपनी या प्लॅस्टिकच्या कारखान्याकडे एक मागणी आली. मास्टरक्राफ्टर्स नावाच्या घड्याळ-कंपनीला शेकोटीवरच्या फळीवर ठेवण्याजोगे शोभेचे घड्याळ काढायचे होते, आणि त्यासाठी एक घोडा हवा होता. साचा तयार झाला, घोडे ओतले गेले, मागणी पुरी झाली. पैशांच्या बदल्यात तो साचाच कारखान्याकडे राहिला, असे कंपनी आपल्या इतिहासात सांगते. पोलादी साचा ही महागडी वस्तू. ती अडगळीत टाकवत नाही. म्हणून तोच घोडा घड्याळाविना, सोनेरी साखळीचा लगाम आणि काढता-घालता येणारे खोगीर देऊन, वूलवर्थच्या दुकानांतून विकायला ठेवण्यात आला.

२/
त्या घोड्याच्या वंशजांसाठी आज प्रौढ माणसे विमानाने केंटकीला जातात, हॉटेलच्या खोल्यांत पलंगावर बाजार मांडतात आणि काही नमुन्यांसाठी हजारो डॉलर मोजतात. तथापि हा धागा किमतींविषयी नाही. हा धागा त्या घोड्यांना घरी नेणाऱ्या मुलींविषयी आहे. त्यांनी ते घोडे करवतीने कापले, उकळत्या पाण्यात वाकवले, पुन्हा रंगवले, अंगणात पोटावर पडून त्यांची छायाचित्रे काढली, ती टपालाने एकमेकींना पाठवली आणि त्यांवर निकाल दिले. हे सारे करताना त्यांनी नकळत एक दप्तरखाना उभा केला. तो दप्तरखाना आज विरघळतो आहे, आणि हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही.

३/
आधी एक कबुली. माझा घोड्यांशी प्रत्यक्ष संबंध माथेरानच्या एका फेरीपुरता आहे, आणि त्या फेरीतही मी अर्ध्यावर उतरून चालत गेले. या विषयाकडे मी आले ती ‘वस्तूंचा इतिहास’ या एम.ए.च्या अभ्यासक्रमातून. चर्चासत्रात विषय सांगितला तेव्हा वर्गात हशा पिकला होता. खेळण्याचा कसला इतिहास, असा एकंदर सूर. त्या हशाला उत्तर द्यायचे राहून गेले होते. ते येथे देते.

४/
पार्श्वभूमी अशी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक जनावरे होती. मग ट्रॅक्टर आला, ट्रक आला. १९६० च्या सुमारास ही संख्या सुमारे तीस लाखांवर उतरली. म्हणजे एका माणसाच्या हयातीत घोडा शेतातून, रस्त्यातून आणि अर्थव्यवस्थेतून जवळजवळ नाहीसा झाला. मनातून मात्र तो गेला नाही. किंबहुना कामातून सुटलेला घोडा त्याच सुमारास पुस्तकांत आणि पडद्यावर शिरला. मार्गरेट हेन्री यांचे ‘मिस्टी ऑफ चिंकोटीग’ १९४७ चे, आणि ‘किंग ऑफ द विंड’ला १९४९ चे न्यूबेरी पदक. ‘नॅशनल वेल्व्हेट’मधून बाल एलिझाबेथ टेलर घोडा पळवताना दिसली ती १९४४ साली.

५/
या कथा वाचणाऱ्या मुली बहुतांशी उपनगरांत राहत. तबेला नाही, कुरण नाही, आणि घोडा पोसण्याचा खर्च बापाच्या आवाक्याबाहेरचा. ज्या पिढीच्या आजोबांच्या दारात घोडा होता, त्या पिढीच्या नाती घोड्याचे चित्र उशाशी घेऊन झोपत होत्या. वूलवर्थमधला एक फुटाचा घोडा या ठिकाणी येऊन उभा राहिला. कंपनीने पहिला घोडा खोगीर चढवून, ‘वेस्टर्न’ नाव देऊन विकला. त्या काळच्या काउबॉयपटांचा प्रेक्षक तिच्या डोळ्यांसमोर असावा. मुलींनी ते खोगीर काढून ठेवले आणि घोड्याची जात कोणती, असे विचारले. माझ्या मते छंदाचा खरा आरंभ तो प्रश्न आहे.

६/
प्रश्न का महत्त्वाचा, ते एका उदाहरणाने सांगते. १९६० च्या सुमारास ब्रेयरने ‘फॅमिली अरेबियन’ नावाची जोडी-शिंगरू काढली. मूर्तिकार ख्रिस हेस. १९८० च्या दशकापर्यंतचे कंपनीचे बहुतेक घोडे याच माणसाच्या हातचे. त्या अरबी कुटुंबाचा एक रंग होता पालोमिनो, म्हणजे सोनेरी अंग आणि पांढरी आयाळ. दिसायला देखणा. अडचण एवढीच की शुद्ध अरबी घोड्यात पालोमिनो रंग नसतो. त्या रंगाला लागणारे ‘क्रीम’ जनुक त्या जातीत नाही. कारखान्याच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता, खेळणे सुंदर दिसले की झाले. पण प्रदर्शनात तो घोडा ‘अरबी’ म्हणून मांडणाऱ्या मुलीला परीक्षक बाद करणार.

७/
मग ती मुलगी काय करी? ती ग्रंथालयात जाई. मान कशी आहे, पाठ किती लांब, शेपूट कुठून उगवते, हे पाहून दुसरी एखादी जात शोधी जिच्यात हा बांधा आणि हा रंग दोन्ही बसतील. अर्ध-अरबी म्हणून नोंदवावा काय? मॉर्गन म्हणून चालेल काय? कारखान्याने डब्यावर छापलेले नाव हा पुरावा नव्हे, वस्तू स्वतः काय सांगते ते पाहावे, ही गोष्ट आम्हाला एम.ए.च्या पहिल्या सत्रात अभिलेखांच्या संदर्भात शिकवली गेली. बारा-तेरा वर्षांच्या मुली ती प्लॅस्टिकच्या घोड्यावर शिकत होत्या.

८/
आता प्रदर्शनांकडे. ‘प्रदर्शन’ म्हटले की सभागृह डोळ्यांपुढे येते. परंतु हा छंद प्रथम फैलावला तो पाकिटांतून. एकाच गावात अशा दोन मुली सापडणे कठीण. एकमेकींचे पत्ते मिळत ते हस्तलिखित वा चक्रमुद्रित वार्तापत्रांतून. त्यातून १९६० आणि ७० च्या दशकांत ‘फोटो शो’ ही पद्धत रूढ झाली. एखादी मुलगी जाहीर करी की अमुक तारखेपर्यंत छायाचित्रे पाठवा. जातींचे, रंगांचे, वयाचे असे वर्ग ठरलेले. बाकीच्या आपल्या घोड्यांचे फोटो, मागे नाव, जात, लिंग, मालकिणीचा पत्ता लिहून, अल्प शुल्क आणि परतीचे तिकीट लावलेले पाकीट जोडून पाठवीत.

९/
परीक्षक ही बहुधा त्यांच्यातलीच एक. शेकडो छायाचित्रे पलंगावर किंवा जमिनीवर पसरायची, वर्गवार लावायची, क्रमांक द्यायचे, निकालपत्र टंकलिखित करायचे आणि प्रत्येकीची छायाचित्रे तिच्या-तिच्या पाकिटात परत. एक छायाचित्र असे कित्येक घरांतून फिरून येई. त्याच्या पाठीवर प्रत्येक प्रदर्शनातला क्रमांक बारीक अक्षरांत चढत जाई. छायाचित्राची मागची बाजू ही त्या घोड्याची बखर.

१०/
घोड्यांना वंशावळीही होत्या. बाप कोण, आई कोण, आजा कोण. कधी खऱ्या घोड्यांच्या नोंदवह्यांतून उसन्या घेतलेल्या, कधी सर्वस्वी कल्पित, पण नियमांना धरून: मुलाचा रंग आईबापांपासून संभवला पाहिजे, वर्षे जुळली पाहिजेत. दोन प्लॅस्टिकच्या घोड्यांचा ‘संबंध’ पत्रव्यवहाराने ठरवायचा आणि पुढच्या वर्षी दुकानातून आणलेल्या शिंगरावर त्यांचे नाव लावायचे! हसू येते खरे. पण खोट्या वंशावळी कशा रचतात हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच खऱ्या वंशावळीतली खोट दिसते, आणि आपल्याकडच्या कुळकथांवर काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

११/
वैदर्भीय वाचक येथे एव्हाना ‘अहो, हा तर तान्हा पोळा’ असे म्हणाले असतील. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून आणतात, ते ओळीने उभे राहतात, सजावटीला बक्षिसे मिळतात. दोहोंत ऐतिहासिक संबंध काही नाही. फरक मात्र बोलका आहे. तान्हा पोळ्यामागे सण आहे, गाव आहे, वडीलधाऱ्यांनी आखून दिलेली रीत आहे. या अमेरिकन मुलींच्या मागे कुणीच नव्हते; नियम, वर्ग, परीक्षक आणि बक्षिसाची फीतसुद्धा त्यांनी स्वतः निर्माण केली.

१२/
छायाचित्रणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण कसब तेथे आहे. त्या काळी मुलींच्या हाती असे तो कोडॅकचा इन्स्टामॅटिक. १९६३ साली बाजारात आलेला, स्वस्त, फिल्मची डबी आत टाकली की चालू. त्याची काच एकाच अंतरावर पक्की बसवलेली. साधारण चार फुटांच्या आत गेले की चित्र अस्पष्ट. आणि घोडा एक फुटाचा! जवळ गेले तर धुके, लांब गेले तर घोडा ठिपक्याएवढा. फिल्म धुवून येईपर्यंत काय निघाले ते कळणार नाही, आणि प्रत्येक फोटो खाऊच्या पैशांतून.

१३/
यातून जे शहाणपण जमत गेले ते वार्तापत्रांतून पसरले. कॅमेरा घोड्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. उभे राहून वरून काढलेला फोटो खेळण्याचाच दिसतो. म्हणून पोटावर झोपा, किंवा घोडा टेबलावर ठेवा आणि मागे दूरची झाडी येऊ द्या. हिरवळीवर ठेवू नका, गवताचे पाते घोड्याच्या गुडघ्याला लागले की ते बांबूचे बन होते. बारीक वाळू किंवा चाळलेली माती पसरा. सूर्य सकाळ-संध्याकाळचा, तिरपा असावा. जिच्याकडे चांगला कॅमेरा आहे तिने छिद्र लहान ठेवावे, म्हणजे नाकपासून शेपटीपर्यंत सारे स्पष्ट येते आणि डोळा फसतो. दोन अर्धे चिकटवल्याची पाठीवरची शिवण दिसणार नाही असा कोन शोधा.

१४/
ही फसवणूक प्रामाणिक होती. परीक्षकाला ठाऊक आहे की घोडा प्लॅस्टिकचा आहे. पाठवणारीला ठाऊक आहे की परीक्षकाला ठाऊक आहे. तरीही क्षणभर दोघींना तो खरा वाटावा, एवढाच करार. घोडा नसलेल्या दोन मुलींमध्ये झालेला हा करार मला त्या छंदाचे मर्म वाटतो.

१५/
हळूहळू मुली मोठ्या झाल्या, गाड्या चालवू लागल्या आणि प्रत्यक्ष भेटी सुरू झाल्या. घराच्या गॅरेजमध्ये, मग चर्चच्या किंवा शाळेच्या सभागृहात ‘लाइव्ह शो’ भरू लागले. इलिनॉयमधील मार्नी वॅलेरियस यांचे नाव या टप्प्यात आदराने घेतले जाते; ‘मॉडेल हॉर्स काँग्रेस’ हे प्रदर्शन त्यांनी चालवले, आणि कारखान्याशी संधान बांधून छंदीजनांसाठी खास रंगांचे घोडेही करवून घेतले. पुढे उत्तर अमेरिकेतील प्रदर्शनांची एक संघटना झाली. स्थानिक प्रदर्शनात वर्गात पहिला वा दुसरा आलेल्या घोड्याला पात्रता-पत्र आणि ते असेल तर राष्ट्रीय प्रदर्शनात प्रवेश, अशी उतरंड बसली. कंपनीचा स्वतःचा उत्सव ‘ब्रेयरफेस्ट’ १९९० पासून केंटकीतील लेक्सिंग्टन येथे, खऱ्या घोड्यांच्या उद्यानात भरतो.

१६/
लाइव्ह शोमध्ये लांब टेबल असते. घोड्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेली बारीक चिठ्ठी: नाव, जात, लिंग. काही वर्ग बांधा आणि जात पाहणारे, काही कारागिरी पाहणारे, काही दुर्मीळता पाहणारे. एक विभाग ‘परफॉर्मन्स’चा, त्यात घोड्यावर हातभर कष्टाने शिवलेले बोटभर खोगीर, रिकिबी, लगामाचे बक्कल, समोर अडथळा, आणि शेजारी एक पत्रक, ज्यात खऱ्या स्पर्धेचा नियम उद्धृत करून हा घोडा या क्षणी काय करतो आहे ते लिहिलेले. चुकीच्या प्रकारचा लगाम लावला तर गुण जातात. रंगाबद्दल शंका येईल असे वाटले तर त्या जातीच्या त्या रंगाच्या खऱ्या घोड्याचे छायाचित्र सोबत ठेवायचे. संदर्भ द्या, नाहीतर दावा मागे घ्या.

१७/
आता कस्टमायझिंग. जुन्या भाषेत ‘रीमेकिंग’. दुकानात मिळणारे हजारो घोडे एकाच साच्यातले, एकाच पवित्र्यातले. माझा घोडा माझा कसा व्हावा? प्रथम केवळ पुन्हा रंगवणे आले. मग कुणाच्या तरी ध्यानात आले की हे प्लॅस्टिक, सेल्युलोज अ‍ॅसिटेट, तापले की मऊ होते. उकळत्या पाण्यात किंवा मेणबत्तीवर पाय धरायचा, वाकवायचा, थंड पाण्यात बुडवायचा. उभा घोडा चालू लागतो. घोडा पोकळ असतो. आतली हवा तापून फुगते आणि अंग फुटते, म्हणून आधी एखादे छिद्र पाडायचे. हा धडा किती स्वयंपाकघरांत कसा शिकला गेला असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

१८/
मग करवत. मान कापून वळवायची, आत तार घालायची, फट लाकडी लांबीने भरायची. पुढे दोन भाग मळून लावायची इपॉक्सी लांबी आली, ती दगडासारखी घट्ट बसे. शिवण खरवडायची, कान कोरायचे, नाकपुड्या खोल करायच्या, खुराच्या तळव्याचा भागही घडवायचा, जरी तो पाहायला परीक्षकाला घोडा उलटा करावा लागला तरी. कोरलेली आयाळ तासून टाकून मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या, केसांची आयाळ चिकटवण्याचा एक काळ होता. नंतर ती रीत मागे पडली आणि पुन्हा घडीव आयाळ आली. रंगही बदलले: घरगुती रंगांपासून तैलरंग, खडूची पूड, एअरब्रश. १९८० च्या दशकानंतर काहींनी कारखान्याच्या घोड्याला रजाच दिली. स्वतः मूर्ती घडवायची, रबराचा साचा घ्यायचा, रेझिनमध्ये मोजक्या प्रती ओतायच्या. आणि पुढे कंपनीने नवे घोडे घडवायला बोलावले ते याच छंदातून तयार झालेल्या हातांना. शिकागोच्या कारखान्यापासून निघालेले चक्र असे फिरून आले.

१९/
येथे एक पेच आहे. एक घोडा ‘रीमेक’ झाला की एक मूळ घोडा संपला. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रेयरने ‘डेकोरेटर’ नावाने निळे आणि सोनेरी घोडे काढले होते, गृहसजावटीसाठी. ते फारसे खपले नाहीत. निळा घोडा कोणाला हवा होता? ज्या मुलीला खरा दिसणारा घोडा हवा, तिच्या दृष्टीने निळा घोडा म्हणजे रंगवण्याचे राहिलेले कोरे अंग. पुढे तेच घोडे सर्वांत दुर्मीळ आणि महाग ठरले. म्हणजे स्वतःच्या हाताने घोडा घडवण्याची जी ऊर्मी या छंदाचे वैभव, तीच त्याच्या साधनांची वाळवी. छंदात यावरून दोन पक्ष आहेत. ‘ओरिजिनल फिनिश’वाले म्हणतात, जसा कारखान्यातून निघाला तसा राहू दे. घडवणाऱ्या म्हणतात, हजारो प्रतींतली एक प्रत कापली तर काय बिघडले, मी जे केले ते एकमेव आहे.

२०/
माझा कल कुठे? संशोधक म्हणून मी पहिल्या पक्षात असायला हवे. पण मला ते पटत नाही. अस्पर्शित घोडा कारखान्याविषयी सांगतो. कापलेला, वाकवलेला, मोहेर चिकटवलेला घोडा त्या मुलीविषयी सांगतो. दुसरा पुरावा अधिक दुर्मीळ आहे, कारण कारखान्याची जाहिरातपत्रके उरली आहेत आणि मुलींची मते फारशी उरलेली नाहीत. खेदाची बाब अशी की बाजारात आज उलट न्याय आहे. १९७० च्या दशकातला ओबडधोबड ‘रीमेक’ कवडीमोलाने जातो, आणि घेणारी तो कित्येकदा रंग खरवडून पुन्हा घडवायलाच घेते.

२१/
दुर्मीळ काय हे कळले तरी कसे, हाही इतिहास आहे. कोणता रंग कोणत्या वर्षी निघाला याच्या पुऱ्या नोंदी कारखान्यापाशी नव्हत्या. त्या संग्राहकांनी रचल्या: जुनी विक्रीपत्रके जमवून, मागच्या पायाच्या आत उमटलेला कंपनीचा गोल शिक्का पाहून, त्याखाली ‘यू.एस.ए.’ ही अक्षरे आहेत की नाहीत ते पाहून, साच्यातले बारीक फेरफार टिपून. नॅन्सी अ‍ॅटकिन्सन यंग यांचा ब्रेयरच्या साच्यांवरील जाडजूड ग्रंथ या पद्धतीचा कळस आहे. नाणेशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो चाळावा. ठशांचा क्रम लावण्याची तीच रीत.

२२/
एक नमुना देते. काही जुन्या घोड्यांचा पांढरा भाग खडूसारखा निस्तेज, अपारदर्शक दिसतो. संग्राहक त्यांना ‘चॉकी’ म्हणतात. रंग खरवडला की आत भलत्याच रंगाचे प्लॅस्टिक निघते. कारण? १९७३ चा तेलपुरवठ्यावरील अरब बहिष्कार. कच्च्या मालाची टंचाई झाली, नेहमीचे शुभ्र प्लॅस्टिक मिळेना. मिळेल त्या रंगाचे ओतायचे आणि वर पांढऱ्या रंगाचा थर द्यायचा, असे चालले, हे संग्राहकांमध्ये मान्य स्पष्टीकरण आहे. पश्चिम आशियातले राजकारण असे इलिनॉयच्या खेळण्याच्या कातडीखाली जाऊन बसले. वर्गात हसलेल्या मित्रांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

२३/
आता आरंभी म्हटलेल्या विरघळण्याकडे. सेल्युलोज अ‍ॅसिटेट हे कापूस वा लाकडाच्या लगद्यापासून बनते. टेनेसी राज्यातील किंग्सपोर्ट येथे कोडॅकच्या ईस्टमन कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर बनवले, फिल्मच्या पट्टीसाठीही. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेई, ही घेत नसे, म्हणून हिचे नाव ‘सेफ्टी फिल्म’. त्याच पदार्थाचे साच्यात ओतण्याजोगे रूप ‘टेनाइट’ या नावाने विकले गेले, आणि हे नाव जुन्या घोडे-संग्राहकांच्या ओळखीचे आहे. म्हणजे ती मुलगी अंगणात पोटावर पडून घोड्याचा फोटो काढत होती तेव्हा समोरचा घोडा आणि कॅमेऱ्यातली फिल्म ही एकाच कुळातल्या पदार्थाची होती.

२४/
आणि दोघांचा रोगही एक. उष्णता आणि दमट हवा लागली की अ‍ॅसिटेट सुटू लागते, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल निघते, व्हिनेगरचा वास येतो, आणि ते आम्लच पुढची झीज वेगाने करते. चित्रपट-संग्रहालयांत काम करणाऱ्यांना हा ‘व्हिनेगर सिंड्रोम’ चांगला परिचित आहे. घोड्यांमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस बनलेले काही नमुने याला विशेष बळी पडले. १९८४ मध्ये कंपनी न्यू जर्सीच्या रीव्ह्ज इंटरनॅशनलकडे गेली होती, त्यानंतरचा हा काळ. हे घोडे आकसतात, कुशी आत जातात, पाय वाकतात, अंगातून चिकट द्रव पाझरतो. संग्राहकांनी त्यांना ‘श्रिंकी’ आणि ‘ऊझी’ अशी नावे ठेवली आहेत. उपाय नाही. थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवावे आणि इतरांपासून दूर ठेवावे, एवढेच.

२५/
१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाकिटे थांबली. छायाचित्रे आधी स्कॅन होऊन आणि मग थेट डिजिटल रूपात संगणकावरून जाऊ लागली. २०२० च्या महासाथीत ब्रेयरफेस्टदेखील ऑनलाइन भरले, आणि ज्यांना कधी केंटकी परवडले नव्हते त्या प्रथमच सहभागी झाल्या. आता फोटो फुकट आहे, हवे तितके काढता येतात, निकाल त्याच दिवशी लागतो. फक्त फोटोला पाठ राहिलेली नाही.

२६/
पाठ असलेले फोटो जेथे आहेत ते बुटांचे खोके आज सत्तरीच्या घरात आलेल्या बायकांच्या माळ्यावर आहेत. काही जणी वार्तापत्रे आणि छायाचित्रे, दोन्ही बाजूंनी, स्कॅन करून ठेवत आहेत. ‘दोन्ही बाजूंनी’ हे त्यांना कोणी संशोधकाने सांगितलेले नाही. पुष्कळ खोकी मात्र घर रिकामे करताना वारसांच्या हाती लागतील. घोडे ऑनलाइन लिलावात जातील, कारण त्यांना किंमत आहे. खोके कचऱ्यात जाईल.

२७/
वाचकहो, आपल्याही घरी १९६० ते ९० मधल्या निगेटिव्हच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, बंद डब्यात असतील. एकदा डबा उघडून वास घ्या. आंबूस वास आला तर ती पट्टी वेगळी काढा, पिशवीऐवजी कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि आधी तीच स्कॅन करून घ्या. कोकण-मुंबईच्या हवेत थांबायला वेळ नाही. छापील फोटो असतील तर मागची बाजूही घ्या. तिथे कोणाचे तरी अक्षर असते.

ता.क. : इन्स्टामॅटिकने चार फुटांच्या आतले काढण्याची काही युक्ती कोणाच्या आई-मावशीला ठाऊक असल्यास खाली अवश्य कळवावे. भिंगाचा काच पुढे धरून काढत असत असे ऐकले आहे, करून पाहिलेले कोणी भेटले नाही.